जुनी लोकर, नवी वस्तू : आधी दोरा जाळून बघा, मग कात्री घ्या

आज आपण बोलणार आहोत पेटीच्या तळाशी पडलेल्या कपड्यांबद्दल. पोरांचे आखूड झालेले शाळेचे स्वेटर, कोपरावर विरलेली आजोबांची बंडी, एका कोपऱ्याला कसर लागलेली शाल आणि मधोमध भोक पडलेली घोंगडी. यांचं आपण काय करतो? बोहारीण आली की चार कपडे देतो आणि एक पातेलं घेतो. नाहीतर घोंगडीचा तुकडा उंबऱ्यापाशी पाय पुसायला टाकतो.

बोहारणीकडून हे कपडे पुढे कुठे जातात? देशभरातले जुने लोकरी कपडे गोळा होत होत हरियाणातल्या पानिपतला पोचतात. तिथे ते रंगाप्रमाणे निवडतात, यंत्रात घालून पिंजतात, त्याचं पुन्हा सूत काततात आणि त्या सुताची ब्लँकेटं विणतात. पूर आला, भूकंप झाला की मदतीत वाटली जाणारी ब्लँकेटं बऱ्याचदा तिथलीच असतात. चिंध्यांपासून पुन्हा सूत काढायची ही रीत इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ साली बसवली. म्हणजे जुन्या लोकरीला किंमत आहे, हे बाजाराला दोनशे वर्षांपासून माहीत आहे. आपण मात्र ती एका पातेल्यावर सोडून देतो.

गोधडी शिवायची, वाकळ भरायची कला आपल्या मराठवाड्यातल्या बायांच्या हातात आहेच. जुन्या लुगड्याला धावदोरा घालून त्याला नवा जन्म द्यायला आपल्याला कुणी शिकवायला नको. पण लुगडं सुती असतं. सुती कापडाची रीत लोकरीला चालत नाही आणि लोकरीची रीत नकली लोकरीला चालत नाही. म्हणून आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. हातातलं कापड कशाचं आहे हे आधी ओळखा, मग कात्री लावा. यात पैशाचा प्रश्न आहेच, पण भाजण्याचाही आहे. ते कसं, ते सांगते.

‘लोकर’ म्हणतो ती सगळी लोकर नसते

आपण बाजारातून रुमाल, तोरणं, टोपरी विणायला गुंडे आणतो. दुकानदार त्याला लोकर म्हणतो, आपणही लोकर म्हणतो. पण त्यातले बहुतेक गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. अ‍ॅक्रिलिक म्हणजे कारखान्यात रसायनांपासून केलेला धागा, प्लॅस्टिकचाच भाऊबंद. शाळेचे स्वेटर, आठवडी बाजारातल्या कानटोप्या, झगमगीत रंगाच्या शाली यांतही तोच जास्त असतो. काही कपड्यांत दोन्ही मिसळलेलं असतं.

खरी लोकर मेंढीच्या अंगावरची. आपल्या केसांसारखीच ती बनलेली असते. आपल्याकडची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. ही लोकर आखूड आणि राठ. अंगाला टोचते, पण टिकते. धनगर बांधव मेंढ्या राखतात, लोकर कातरतात, बाया ती चरख्यावर काततात आणि सणगर, खुटेकर विणकर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी कडक लागते. आज या लोकरीला भाव राहिलेला नाही. कितीतरी ठिकाणी मेंढी कातरायचा खर्चसुद्धा लोकरीतून सुटत नाही आणि मेंढ्या मटणासाठीच पाळल्या जातात. त्यामुळे घरात जुनी घोंगडी असेल, तर ती सहज पुन्हा मिळणारी वस्तू नाही हे ध्यानात ठेवा.

आपल्या संभाजीनगरचा हिमरू शालीसाठी नावाजलेला आहे. पण हिमरू मूळचा सूत आणि रेशमाचा. आजीची हिमरू शाल पेटीत असेल तर तिला लोकर समजून गरम पाण्यात घालू नका.

दोरा जाळायची परीक्षा

कपड्याच्या आतल्या शिवणीतून बोटभर लांबीचा दोरा काढा. एक अंगातून आणि एक मनगटाच्या किंवा गळ्याच्या पट्टीतून, कारण पट्टी कधी कधी वेगळ्या धाग्याची असते. पदर खोचून घ्या. ओढणी असेल तर काढून ठेवा. स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घ्या, दोरा चिमट्यात धरा आणि ताटलीवरच त्याला काडी लावा. पोरं जवळ नकोत.

दोरा खऱ्या लोकरीचा असेल तर तो जाळापासून आकसतो, सावकाश जळतो आणि काडी लांब केली की बहुधा आपोआप विझतो. केस जळल्याचा वास येतो. मागे राहते ती काळी राख बोटांनी चुरली की तिची भुकटी होते.

दोरा अ‍ॅक्रिलिकचा असेल तर भरभर पेटतो, काळा धूर येतो, वितळून थेंब पडतो आणि मागे टणक गाठ राहते. ती बोटांनी चुरत नाही. गार झाल्याशिवाय तिला हात लावू नका.

सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख पांढुरकी, हलकी असते.

केसांचा वासही आला आणि टणक गाठही राहिली, तर ते मिश्रण आहे. मिश्रणाला अ‍ॅक्रिलिकच समजा.

आता भाजण्याचा प्रश्न. गरम भांडं चुलीवरून उतरवताना आपण पदराने धरतो, नाहीतर मिळेल त्या फडक्याने. त्यासाठी जाड लोकरी गादी शिवली तर ती फार चांगली आणि विकलीही जाते. लोकर लवकर पेटत नाही. पेटायला साधारण ५७० अंशांच्या पुढे तापमान लागतं, आणि ती वितळत तर अजिबात नाही. अ‍ॅक्रिलिक मात्र २०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. भाकरीचा तवा तेवढा सहज तापतो. अ‍ॅक्रिलिकची गादी घेऊन कुणी तापलेला तवा धरला, तर ते वितळून हाताला चिकटू शकतं. चिकटलेलं ओढून काढावं तर कातडी निघते. दिसायला दोन्ही गाद्या सारख्याच. म्हणून गटाने नियमच करावा : गरम भांड्याची गादी फक्त परीक्षा केलेल्या खऱ्या लोकरीची. शंका असेल तर त्या कापडाची दुसरी वस्तू करा.

लोकर आटवायची रीत

नवा स्वेटर चुकून गरम पाण्यात पडला आणि पोराच्या मापाचा झाला, असं तुम्ही ऐकलं असेल. तो तोटा आपल्या कामात फायदा आहे. लोकरीच्या प्रत्येक केसाला माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं मिळालं की केस एकमेकांत सरकतात आणि ते खवले अडकून बसतात. विणीची घरं बुजतात, कापड आटतं, जाड होतं आणि कापल्यावर उसवत नाही. काश्मीरचा नमदा याच गुणावर तयार होतो. तो विणलेला नसतोच, नुसती लोकर जमवून केलेला असतो.

आधी हातभर कापड आटवू नका. चार बोटं लांब, चार बोटं रुंद तुकडा घेऊन करून बघा. काही लोकरीच्या कपड्यांना यंत्रात धुता यावं म्हणून कारखान्यात प्रक्रिया केलेली असते, ते आटत नाहीत. तुकडा आटला तरच पुढचं काम करा.

पहिल्यांदा स्वेटर उसवा. बाह्या, पाठ, पुढची बाजू वेगळी करा. बटणं, चेन काढून जपून ठेवा. गडद आणि फिके रंग वेगळे करा, कारण गरम पाण्यात रंग सुटतो.

टबात गरम पाणी घ्या. उकळतं नको, पण हाताला सोसवेल त्याहून जास्त गरम हवं. म्हणून रबरी हातमोजे घाला आणि काठीने ढवळा. अंगाच्या साबणाचा किंवा कपड्याच्या वडीचा थोडा कीस टाका. धुण्याचा सोडा आणि ब्लीच घालू नका, त्याने लोकर ठिसूळ होते. तुकडे पाण्यात भिजले की दगडावर घेऊन घासा, चोळा, पुन्हा गरम पाण्यात घाला. साधारण पंधरा मिनिटांनी काढून बघा. विणीची घरं अजून दिसत असतील तर पुन्हा चोळा. घरं बुजली की गार पाण्यात खळखळून साबण काढा. पिळू नका. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि बाजेवर सपाट वाळवा. दोरीवर टांगलं तर आकार बिघडतो.

कुणाकडे धुण्याचं यंत्र असेल तर तुकडे उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि मग टाका. नाहीतर सुटलेली लोकर यंत्राच्या जाळीत अडकते.

कापड चौथ्या हिश्शाने, कधी तिसऱ्या हिश्शाने कमी होतं. म्हणून बेतायचं ते आटवून वाळल्यावरच. आणि हे काम गटात एकाच दिवशी करा. एकदा पाणी तापवलं की दहा स्वेटर निघतात, सरपण आणि गॅस वाचतो.

घोंगडीचं थोडं वेगळं आहे. ती आधी कोमट पाण्यात भिजवून धुवा, म्हणजे राहिलेली खळ आणि धूळ निघेल. ती फार आटवायची गरज नसते, मुळातच दाट असते. पण ती मागावर विणलेली असल्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटतात. कडेला काजटाका घाला किंवा कापडी पट्टी लावून कड बंद करा.

कात्री लावण्याआधी दोन विचारणा

पहिली विचारणा घरात करा. बऱ्याच घरांत घोंगडी नुसती पांघरायची नसते. देवापुढे अंथरायची असते, खंडोबाच्या जागरणाला काढायची असते, किंवा गेलेल्या माणसाची आठवण म्हणून ठेवलेली असते. सुनेने हौसेने बॅग शिवली आणि सासूच्या डोळ्यांत पाणी आलं, असं व्हायला नको. थोरांना विचारा. ती कापायची नसेल तर फक्त भोक रफू करून, कडा बांधून ठेवा. तेही चांगलंच काम आहे.

दुसरी विचारणा कापडाला करा. त्यात कसर आहे का? लोकर खाते ती उडणारी कसर नव्हे, तिची अळी खाते. घडीच्या आत, शिवणीत, काखेत बघा. बारीक भोकं, जाळीसारखा धागा, वाळूसारखी विष्ठा दिसली तर तो कपडा बाकीच्यांत मिसळू नका. उन्हात पसरा, दोन्ही बाजूंनी ब्रशने झाडा, शिवणी उघडून झाडा. गरम पाण्यात आटवताना अंडी, अळ्या मरतात. ज्याला गरम पाणी चालणार नाही तो कपडा नीट झाडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजच्या बर्फाच्या खणात तीन-चार दिवस ठेवा. कडुनिंबाचा पाला घडीत ठेवतो तो ठीक आहे, पण आत असलेली अळी त्याने मरेल या भरवशावर राहू नका. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाच्या वस्तूंना वापरू नका. त्या गोळ्यांची वाफ तान्ह्यांना घातक ठरू शकते.

काय काय शिवाल

गरम भांडं धरायची गादी. आटवलेल्या लोकरीचे २० सेंटिमीटरचे दोन चौकोन घ्या, म्हणजे जवळजवळ एक वीत. मध्ये जुन्या टॉवेलचे किंवा धोतराचे दोन थर घाला. चारी थर टाचून घ्या, कडेला सुती पट्टी लावा, मधून दोन तिरप्या टिपा मारा म्हणजे थर सरकत नाहीत. कोपऱ्याला टांगायला नाडी लावा. दोन गाद्यांची जोडी करा, दोन हातांना दोन. विकताना गिऱ्हाइकाला सांगा की गादी कोरडीच वापरायची. ओल्या गादीतून वाफेचा चटका लगेच हाताला बसतो. दोरासुद्धा सुतीच वापरा, पॉलिस्टरचा दोरा तापला की वितळतो.

चुंबळ. घागर, पाटी, सरपणाची मोळी डोक्यावर घ्यायला आपण फडक्याची चुंबळ करतो. घोंगडीच्या उरलेल्या तीन बोटं रुंद पट्ट्यांची वेणी घाला, ती गोल फिरवून दाभणाने टाचा, वर सुती कापडाची खोळ चढवा. तीच चुंबळ गरम पातेलं टेकवायलाही चालते, पण ती खऱ्या लोकरीची असेल आणि खोळही सुती असेल तरच.

घोंगडीची पिशवी. ३५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असे दोन तुकडे घ्या. घोंगडीची मूळची काठाची कड पिशवीच्या तोंडाशी येईल असं बेता. ती कड सुटत नाही आणि दिसतेही देखणी. आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावा, म्हणजे लोकर वह्यांना, जेवणाच्या डब्याला लागत नाही. पट्टे ६० सेंटिमीटर लांब करा आणि त्यांच्या आत सुती फीत घाला, नाहीतर वजनाने घोंगडी ताणते. पट्टा जिथे शिवतो तिथे चौकोन मारून त्यात फुली मारा. पिशवी फाटते ती नेहमी तिथूनच.

आसन. घोंगडीचा ५० सेंटिमीटरचा चौकोन, खाली सुती कापड, कडेला काजटाका. पूजेला, पोथीला बसायला लोक घोंगडीचं आसन मागतात.

मोबाईलची पिशवी आणि बटवा. स्वेटरच्या बाहीचा खालचा भाग आधीच नळीसारखा असतो. एका बाजूने शिवून घेतला की पिशवी तयार. मनगटाची पट्टी तोंडाला येते, ती आपोआप आवळून राहते.

कानपट्टी आणि हाताचे बाहे. हे अ‍ॅक्रिलिकचेही चालतात, कारण ते आगीजवळ न्यायचे नाहीत. स्वेटरच्या खालच्या रुंद पट्टीची कानपट्टी होते. डोक्याचा घेर मोजा आणि त्यातून चार बोटं कमी करा, कारण वीण ताणते. बाहीची मनगटापासून कोपरापर्यंत नळी कापा, अंगठ्याला चीर ठेवा. पहाटे धार काढायला, दूध घालायला, गाडीवर बसून फडावर जायला थंडीत हे बाहे फार उपयोगी पडतात. कन्नड, सोयगावच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्यांना पौषातली पहाट काय असते ते सांगायला नको. पण भाकऱ्या थापायला चुलीपुढे बसताना अ‍ॅक्रिलिकचे बाहे काढून ठेवायचे, हे विकतानाच सांगा.

अ‍ॅक्रिलिक कापायची युक्ती अशी आहे : ते आटत नाही, त्यामुळे कापलं की घरं सुटत जातात. म्हणून आधी शिवा, मग कापा. खडूने रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी मशीनची टीप मारा आणि मग मधून कापा. मशीनला १६ नंबरची सुई लावा, टाका लांब ठेवा. कापड ओढू नका, आपलं आपण पुढे सरकू द्या. ओढलं की कड लाटेसारखी होते.

आणि न कापता एक मार्ग आहे. स्वेटर उसवून धागा पुन्हा वापरायचा. उसवण्याआधी आतली शिवण बघा. तुकड्यांच्या कडा इंटरलॉक केलेल्या असतील, तर कापड कापून शिवलेलं आहे आणि प्रत्येक ओळीला धागा तुटेल. कड साखळीसारखी सलग असेल, तर अखंड धागा निघेल. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. वळ्या जातात आणि पुन्हा विणायला नवा गुंडा मिळतो.

तान्ह्या बाळाचं काही करायचं असेल तर खऱ्या लोकरीला आतून मलमलचं अस्तर लावा, नाहीतर कातडीला टोचतं, पुरळ येतं. बाळाच्या वस्तूला बटणं, मणी, लांब नाड्या लावू नका.

हिशेब मांडा, स्वतःची मजुरी धरून

कपडा जुना म्हणजे फुकट आणि वेळ आपला म्हणजे तोही फुकट, असं धरून आपण किंमत सांगतो आणि तिथेच फसतो. एक सोपा हिशेब करा. तुमच्या गावात बाईची दिवसाची जी शेतमजुरी असेल तिला आठाने भागा. ती तुमची तासाची मजुरी. शिवणकाम हे कसबाचं काम आहे, तेव्हा त्याहून कमी कधीच धरू नका.

समजा शेतमजुरी ३२० रुपये आहे. म्हणजे तासाला ४० रुपये. गाद्यांच्या एका जोडीला दोरा, पट्टी, साबण, सरपण, जुन्या स्वेटरचे पैसे मिळून २० रुपये लागले आणि एक तास गेला, तर ती जोडी तुम्हाला ६० रुपयांना पडली. ती ६० लाच विकली तर गटाच्या हाती काही उरलं नाही. ८० ला दुकानात ठेवली आणि दुकानदाराने चौथा हिस्सा घेतला, तर परत ६० च हाती आले. १०० ला ठेवली तर त्याचे २५ जाऊन ७५ येतात आणि १५ रुपये गटाच्या खात्यात पडतात. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, रीत हीच. एका जोडीला एक तास लागतो की दीड, हे घड्याळ लावून बघा. दहा जोड्या एकदम कापल्या, एकदम टाचल्या तर वेळ वाचतो. नफा तिथे असतो.

अजून एक खरं सांगायला हवं. बाजारात नवी कानटोपी अगदी स्वस्तात मिळते. थंडीत शहरांत तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरचे बाजारही लागतात. टोपी आणि मफलरीत त्यांच्याशी किमतीची चढाओढ करायला जाऊ नका. ते घरच्यासाठी, शेजारपाजारासाठी करा. विकायला ते करा जे कारखान्यातून येत नाही : घोंगडीची पिशवी, आसन, आटवलेल्या लोकरीची गादी. आपल्या जिल्ह्यात वेरूळ आणि अजिंठा आहे. दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना हलकी, न फुटणारी, या मातीतली वस्तू घरी न्यायची असते. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची पिशवी त्यात बसते. ‘उमेद’ अभियानातल्या गटांसाठी मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं. तुमच्या गटाची नोंद असेल तर ग्रामसखी, प्रभाग समन्वयकांकडे चौकशी करा. ‘माविम’चे गट असतील त्यांनी आपल्या सहयोगिनीला विचारावं.

आणि प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लावा. त्यावर तीन ओळी लिहा : कापड कशाचं आहे, कसं धुवायचं, कशासाठी वापरायचं नाही. खरी लोकर असेल तर तसं लिहा, मिश्र असेल तर मिश्र लिहा, अ‍ॅक्रिलिक असेल तर अ‍ॅक्रिलिक लिहा. यात कमीपणा काही नाही. गिऱ्हाईक एकदा फसलं की पुन्हा येत नाही, आणि गरम भांड्याच्या बाबतीत तर फसवणुकीची किंमत कुणाच्या तरी हाताला मोजावी लागते.

पुढच्या बैठकीसाठी

आता काम सांगते. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक जुना लोकरी कपडा आणा. आणण्याआधी घरात विचारा. बैठकीत कुणीच लगेच कात्री काढायची नाही. आधी सगळ्यांचे दोरे जाळून बघा आणि तीन ढीग करा : खरी लोकर, मिश्र, अ‍ॅक्रिलिक. कोणता कपडा कोणत्या ढिगात गेला ते वहीत लिहा. लोकरीच्या ढिगातून एक तुकडा आटवून बघा, आधीचं आणि नंतरचं माप लिहा. मग एक गादीची जोडी शिवा, घड्याळ लावून. ती जोडी विकू नका. गटातल्याच एकीने महिनाभर रोजच्या स्वयंपाकाला वापरावी आणि पुढल्या बैठकीत सांगावं : हाताला चटका बसला का, शिवण सुटली का, धुतल्यावर आकार राहिला का. तिने होकार दिला की मग दहा जोड्या करा.

आणि बोहारीण आली तर तिला हाकलू नका. तिच्याकडे गावोगावचे कपडे असतात. तिच्या गाठोड्यातून खऱ्या लोकरीचे स्वेटर निवडून विकत घ्या. आता ते ओळखायला तुम्हाला येतं.